मागूर धूळपेरणी करीत नाही

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत आज माशाचे काय काढले, असा प्रश्न काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. कारण साधे आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वावरात शेततळी झाली आहेत. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. त्याआधीही काही तळी झाली होती, नंतरही झाली. कोरडवाहू माणसाच्या शेतात पाणी साठले की दोन माणसे हमखास येतात. एक मोटार विकणारा आणि दुसरा मासा विकणारा. मोटार विकणाऱ्याला आपण ओळखतो. मासा विकणारा म्हणतो, "मागूर टाका. काही करावे लागत नाही. कसल्याही पाण्यात जगतो, सहा महिन्यांत किलोचा होतो." बैठकीआधी ज्या चिठ्ठ्या आल्या त्यांत हा प्रश्न एकापेक्षा जास्त जणांनी विचारला आहे : मागूर टाकावा का?

'टाका' किंवा 'टाकू नका' असे सांगून आम्ही खाली बसू शकतो. पण शेतकऱ्याला सल्ला देणारे आजवर हेच करत आले. सल्ला दिला, कारण सांगितले नाही. म्हणून आज कारण सांगतो, आणि ते माशाच्या पोटातून सांगावे लागेल. आम्ही शेतकीचे पदवीधर. ज्वारीच्या कणसात परागीभवन कसे होते ते आम्हाला तासन्‌तास शिकवले, माशाच्या पोटात अंडे कसे पिकते ते शिकवले नाही. ते पुढे पुस्तके वाचून आणि मासे धरणाऱ्यांना विचारून समजून घेतले. ज्याचे बियाणे विकत घ्यायचे ते बियाणे कसे तयार होते हे कळले नाही, तर विकणारा सांगेल तो भाव आणि विकणारा सांगेल ती जात. सरकीच्या बाबतीत हे आपण भोगलेले आहे.

मागूर हा मिशांचा, बिनखवल्याचा, चिखलात राहणारा मासा. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. अंग बुळबुळीत. छातीजवळच्या परांना काटा असतो, बेसावधपणे धरला तर हात फुटतो. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत त्याला झाडाच्या फांद्यांसारखे एक लालभडक इंद्रिय आहे. त्याने तो सरळ हवेतला श्वास घेतो. डबक्यातले पाणी कुजले, त्यातली हवा संपली, रोहू-कटला उलटे होऊन तरंगू लागले, तरी हा वर येऊन हवा गिळतो आणि पुन्हा खाली जातो. पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून छातीच्या काट्यांवर अंग रेटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. हा सगळा सरंजाम उन्हाळा काढण्यासाठी आहे. कोरडवाहू मासा म्हणा ना!

त्याचे मूळ घर म्हणजे गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांची खोरी. बिहारमधले चौर, बंगालमधली भातखाचरे, आसाममधली बीले, म्हणजे पावसाळ्यात पसरणारे आणि उन्हाळ्यात आक्रसणारे उथळ पाणी. फ्रान्सिस हॅमिल्टन या इंग्रज अमदानीतल्या अभ्यासकाने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली आणि लोकांच्या तोंडचेच 'मागुर' हे नाव शास्त्रात घेतले. पुढे कितीतरी वर्षे त्याला जावा बेटातल्या भाऊबंदाच्या नावाने ओळखत होते. २००८ साली दोघे वेगळे असल्याचे स्पष्ट झाले आणि आपल्या मागुराला त्याचे नाव परत मिळाले. बिहारचा तो राज्यमासा आहे. आणि निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त जातींत आहे. चिखलात जगणारा, सडक्या पाण्यात तगणारा मासा संकटात कसा आला? तो मरायला अवघड आहे, हे खरे. पण त्याची पेरणी अवघड आहे. सगळी गोष्ट तिथे आहे.

मशागत कित्येक महिने, पेरणी एका पावसात

मागूर साधारण एक वर्षाचा झाला की वयात येतो. नर-मादी ओळखायची तर पालथा करून शेपटीकडच्या बाजूला पाहायचे. नराला तिथे टोकदार लांबट उंचवटा असतो, मादीला गोल, गुंडीसारखा. हंगामात मादीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगते आणि हाताला मऊ लागते.

आता वर्षाचे गणित पाहा. हिवाळ्यात मादीचे अंडाशय अगदी बारीक, दोऱ्यासारखे असते. फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागतो, पाणी तापू लागते, आणि अंडाशयात काम सुरू होते. मे-जूनपर्यंत अंड्यांत बलक भरला जातो. मृग येईपर्यंत पोट टम्म. नांगरट, वखरणी, शेणखत टाकणे, काडीकचरा वेचणे, ही आपली कामे ज्या महिन्यांत होतात त्याच महिन्यांत ही तयारी होते.

दिवस मोठा झाल्याचे माशाला कळते कसे? दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज यांनी मागुराच्याच जवळच्या भाऊबंदावर, शिंगी या माशावर, पुष्कळ वर्षे काम केले. माशाला टाकीत ठेवायचे, दिव्याने दिवस लांबवायचा, पाणी कोमट ठेवायचे. अवकाळीही अंडाशय भरू लागते असे त्यांना दिसले. म्हणजे उजेड आणि ऊब यांची नोंद मेंदू घेतो, मेंदूच्या खालची पियूषिका ग्रंथी रक्तात संप्रेरके सोडते, आणि अंडाशय कामाला लागते. माशाचे पंचांग त्याच्या डोक्यात आहे. आमच्या मते कोरडवाहू शेतीसंबंधी जे संशोधन व्हायला हवे होते ते असेच, एका जिवाचे वर्ष मुळापासून समजून घेणारे. पण ते राहू द्या.

आता खरी गंमत. अंडी पिकली, पोट भरले, म्हणून मागूर अंडी घालतो का? नाही. तो थांबतो. उजेड आणि ऊब यांनी मशागत होते, पेरणीला पाऊस लागतो. नुसता शिडकावाही चालत नाही. पाणी चढले पाहिजे, थोडे गार झाले पाहिजे, आणि काठाबाहेर पसरून गवताच्या जमिनीवर आले पाहिजे. खोल डोहात, चांगले पाणी असतानाही, तो अंडी घालत नाही. पूर काठावर चढला की जोडी डोह सोडून उथळ पाण्यात, भातखाचरात, बांधाच्या कडेला येते.

आणि पाऊस आलाच नाही तर? तर मागूर अंडी वाया घालवत नाही. पिकलेली अंडी हळूहळू विरघळतात आणि शरीरात परत जिरतात. बियाणे पुन्हा कोठारात! आम्हाला माशाच्या अभ्यासात या गोष्टीइतके दुसरे काही चटका लावून गेले नाही. आपण मृगाच्या भरवशावर धूळपेरणी करतो, पावसाने ताण दिला की सरकी मातीत जाते, आणि दुबार पेरणीला पुन्हा दुकानाची पायरी चढतो. मागूर धूळपेरणी करीत नाही. मात्र त्याला दुबार पेरणीही नाही. वर्षातून एकच हंगाम, जून ते ऑगस्ट, पोळ्यापर्यंत आटोपणारा. तो हुकला की पुढच्या मृगापर्यंत थांबायचे.

बाप राखण करतो

काठाच्या मातीत किंवा गवताच्या बुडाशी वीतभर खळगा करून घरटे होते. नर मादीला विळखा घालतो, मादी थोडी अंडी सोडते, नर त्यावर शुक्र सोडतो, मग विसावा, मग पुन्हा. हे पुष्कळ वेळ चालते. अंडी चिकट असतात, गवताच्या मुळांना आणि मातीला चिकटून राहतात. मादी निघून जाते. नर राहतो. तो जवळ येणाऱ्याला हुसकावतो.

रोहू-कटला याच्या उलट. त्यांची मादी किलोमागे लाखाच्या पुढे अंडी नदीच्या पुरात मोकळी सोडते आणि निघून जाते. जगतील तेवढी जगतील. फोकून पेरण्यासारखे आहे ते. मागुराची मादी लहान, शंभर-दोनशे ग्रॅमची, अंडी काही हजार. हे टोकून पेरणे आहे. थोडे बी, पण प्रत्येक दाण्याची काळजी.

उबदार पाण्यात अंडे साधारण एका दिवसात फुटते. उथळ पाण्यावर भरवसा नसतो, म्हणून ही घाई. पिल्लाला पोटाशी बलकाची शिदोरी असते, ती तीन-चार दिवस पुरते. मग पाण्यातले बारीक किडे खायला लागते. हवेत श्वास घेण्याचे इंद्रिय तयार व्हायला आणखी दिवस जातात, साधारण जन्मापासून दहा-बारा. तोवर हा चिवट मासा अगदी नाजूक असतो. पाणी आटले, सडले, विषारी झाले, तर त्याच्याकडे पळवाट नाही. मोठ्या मागुराच्या ताकदीवरून त्याच्या पिल्लाचा अंदाज करू नका.

म्हणजे या जातीचे सारे भवितव्य जुलै-ऑगस्टमधल्या पंधरा-वीस दिवसांवर आणि घोटा-गुडघाभर पाण्याच्या पट्ट्यावर टांगलेले आहे. चौर बुजवले, नदीला बांध घालून पूर पसरू दिला नाही, भातखाचरात कीटकनाशक आले, की डोहात भरपूर मोठे मागूर असले तरी पुढची पिढी नाही. आणि काठावर चढलेली, अंड्याने भरलेली जोडी जाळ्याला सोपी. बिहार-बंगालमध्ये नेमके हेच झाले.

बियाण्याचा भाव पोटातून ठरतो

कोणी म्हणेल, नदीत राहिला नाही तर हॅचरीत काढा. रोहू-कटल्याचे तसेच झाले ना? झाले. १९५७ साली १० जुलैला ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना कोंडलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. पावसाचा निरोप सुईने दिला, असे म्हणा. त्यातूनच देशातला मत्स्यबीजाचा धंदा उभा राहिला, आज आपल्याला मिळणारे मत्स्यजिरे आणि बोटुकली त्यातूनच आली.

मागुराला हीच सुई लागू पडते, पण अर्धीच. संध्याकाळी टोचले की दुसऱ्या दिवशी मादीचे पोट दाबून अंडी काढता येतात. नराचे मात्र पोट कितीही दाबा, शुक्र बाहेर येत नाही. रोहूचा नर दुधासारखी धार देतो, मागुराचा नर देत नाही. त्याला घरट्यातल्या मूठभर अंड्यांना पुरेल एवढेच, थोडे थोडे सोडायची सवय. त्याची वृषणे बारीक. म्हणून हॅचरीत नराला मारावे लागते. पोट फाडून वृषणे काढायची, कापून मिठाच्या सौम्य पाण्यात वाटायची आणि ते पाणी अंड्यांवर ओतायचे. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे, तिने मागुराच्या बीजोत्पादनाची रीत बसवून दिली. तिच्यातही नर वाचत नाही.

आता खर्च मांडा. एक वर्ष सांभाळलेला नर दर वेळी मारायचा. मादी लहान, अंडी हजारांत. हंगाम वर्षातून एकदा. पिल्लांना पहिले दिवस जिवंत बारीक खाद्य, सतत बदलते पाणी, आणि तरी मर मोठी. असे बियाणे स्वस्त कसे असेल? देशी मागुराचे बीज महाग आणि दुर्मिळ आहे, ते कोणाच्या लबाडीमुळे नव्हे. माशाची जातच तशी आहे.

लबाडी पुढे सुरू होते. आपल्याकडे जो 'थाई मागूर' म्हणून येतो तो थायलंडचाही नाही, मूळ आफ्रिकेतला आहे. मिशा तशाच, हवा गिळणे तसेच, चेहरा भावासारखा. पण त्याच्या मोठ्या मादीत लाखावर अंडी असतात, हॅचरीत वर्षभर कधीही काढता येतात, आणि सहा महिन्यांत किलोचा होतो तो हाच. कत्तलखान्याची घाणसुद्धा खातो. नव्वदीच्या दशकात तो पूर्वेकडून देशात शिरला. पुरात तळे फुटले की नदीत जातो आणि तिथले मासे, त्यांची पिल्ले, सगळे खातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी कडकपणे राबवायला सांगितले. महाराष्ट्रातही तळ्यांतला हा मासा नष्ट करण्याची कारवाई झाली आहे.

बंदी हा शब्द ऐकला की आमचे डोके तापते, हे तुम्हाला माहीत आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती, त्याचे चटके या मंडपातल्या कितीतरी जणांना बसले आहेत. पण दोन बंद्यांत फरक करायला शिकले पाहिजे. कापसाची गाठ सीमेपलीकडे गेली म्हणून शेजाऱ्याचे पीक बुडत नव्हते. हा मासा नाल्यात गेला तर खालच्या गावातल्या धीवराचे जाळे रिकामे येते, आणि नदीतून तो परत बोलावता येत नाही. म्हणून ही बंदी आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार वेगळी आहे. वीस वर्षांहून अधिक काळ बंदी आहे आणि शेतकऱ्याच्या हातात खात्रीचे देशी बीज अजून सहज मिळत नाही. बंदीचा कागद काढायला एक दिवस लागतो, बीज काढायला नर मारावा लागतो. सरकारने सोपे काम आधी केले.

आता आपल्या तळ्याकडे या. बहुतेक शेततळ्यांना प्लॅस्टिक अंथरलेले, काठ उभे, गवत नाही, माती नाही, उथळ पट्टा नाही. तिथे मागूर घरटे कुठे करणार? मादी पिकेल, पाऊस पडेल, पाणी चढेल, आणि तरी अंडी जिरून जातील. म्हणजे एकदा बीज टाकले आणि पुढे आपोआप वाढले, असे कधीच होणार नाही. दरवर्षी बीज विकत घ्यावे लागेल, अगदी संकरित सरकीसारखे. मातीच्या तळ्यात वेगळी अडचण, तो बांध पोखरतो आणि पावसाळी रात्री चालत निघून जातो. काठाभोवती जाळी उभी करावी लागते. आणि मार्चमध्ये कोरडे पडणाऱ्या तळ्यात मागूर काय, कोणताच मासा वर्षभर ठेवता येत नाही. सात-आठ महिने पाणी टिकत असेल तर आमचा सल्ला रोहू, कटला, मृगळ यांच्या चांगल्या मोठ्या बोटुकलीचा. हिशेब त्यात बसतो.

ज्यांच्या शेताला नाला लागून आहे त्यांच्यासाठी आणखी एक. पहिल्या पुरात नाल्याच्या कडेच्या गवतात फक्त मागूरच नव्हे, आपल्याकडचे कितीतरी गावठी मासे अंडी घालतात. तेच दिवस आपल्या कपाशीच्या फवारणीचे. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अतिशय जहाल असतात, थेंबाथेंबाने पिल्ले मरतात. फवारणीचा पंप आणि डबे नाल्यात धुऊ नका. धुतलेले पाणी वावरातच, विहिरीपासून लांब, मातीत जिरवा. नाला खोलीकरणाचे काम निघाले तर दोन्ही काठ सरळ उभे कापू देऊ नका. एक काठ तरी उताराचा, गवताचा राहू द्या. यंत्रवाला ऐकत नाही, कारण त्याला पैसे खोदलेल्या मातीचे मिळतात. ग्रामसभेत आधीच सांगून ठेवावे लागेल.

एवढे ऐकूनही ज्याला देशी मागूरच करायचा आहे त्याने करावा, त्याला बाजारात चांगला भाव मिळतो. पण बीज घेताना आज सांगितलेली जीवशास्त्राची माहिती वापरा. देशी मागुराची अंडी पावसाळ्यातच निघतात. दिवे आणि कोमट पाणी वापरून प्रयोगशाळेत काय करता येते ते वेगळे. मोटारसायकलवर डबा बांधून आलेला माणूस ते करत नाही. तेव्हा संक्रांतीला कोणी आठ-दहा दिवसांची पिल्ले 'देशी मागूर' म्हणून दाखवू लागला, तर ती देशी नाहीत. रोहूच्या भावात मागूर देत असेल तर विचारा, नर किती मारले? सहा महिन्यांत किलोचा होईल असे म्हणाला तर त्याने स्वतःच जात सांगितली आहे. आणि पावतीवर नुसते 'मागूर' असे लिहून घेऊ नका. देशी की आफ्रिकन ते लिहून, सहीसकट घ्या. तळ्यावर कारवाई करायला माणसे येतील तेव्हा विकणारा शेजारी उभा नसतो.

आता पुढची चिठ्ठी. ती ज्वारीवरच्या खोडमाशीची आहे.